एकशे बारा ‘खराब’ फायली

साहेब, तुमच्या एका ओळीच्या हुकुमाने एकशे बारा पुस्तकं मुकी झाली. ‘सर्व फायली पीडीएफ हव्यात’ असं लिहून, सही ठोकून तुम्ही मोकळे झालात. त्यातल्या एका फायलीत घुमीची आई होती.

घुमी तेरा वर्षांची. आई गेल्यापासून ती फारशी बोलेना, म्हणून मावसभावाने हे नाव ठेवलं. त्याला सगळे भोंगा म्हणत. कारण सांगायला नको. आई दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. सुट्टीत मावशीकडे आलेली घुमी भोंग्याला घेऊन ते ऐकायला गेली, तर ग्रंथपालकाकांनी संगणकावर यादीच दाखवली. प्रत्येक नावापुढे ‘खराब’. सोमवारी सगळ्या पुसायच्या होत्या.

घुमीला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. ती नुसती पडद्याकडे बघत बसली, आणि म्हणूनच तिला ते दिसलं.

“आईच्या फायलीचं वजन बघ. तीस एमबी,” ती म्हणाली.

“आपलं अख्खं भूगोलाचं पुस्तक पाच एमबीचं आहे,” भोंगा पुटपुटला. “यात हत्ती कोंबलाय की काय?”

मग काका संगणकापासून हलावेत म्हणून त्याने त्यांच्याकडे सर्वांत वरच्या फळीवरचा कोश मागितला. काका शिडीवर चढले. तिसरा खंड काढला, तर म्हणे नववा हवा होता.

तेवढ्यात घुमीने आईच्या फायलीची प्रत काढली. मूळ फायलीला हात लावायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत नोटपॅडमध्ये उघडली. सगळी किडामुंगीसारखी अक्षरं, पण अगदी सुरुवातीला आय, डी, तीन. भोंग्याच्या पेनड्राइव्हवरचं गाणं तसंच उघडलं, तर तिथंही तेच. म्हणजे हा कागद नव्हताच. तिने प्रतीच्या नावातलं टिंबापुढचं पीडीएफ खोडून एमपी थ्री लिहिलं आणि बटण दाबलं.

आधी एक खोकला. मग आई म्हणाली, “सोने, दार लाव गं. बाहेरचा आवाज येतोय.”

घुमी उठली आणि दार लावून आली.

शिडीवरचे काका तिथंच थिजले. खाली उतरून त्यांनी सगळं कबूल केलं. हुकूम आला, तसं त्यांनी दुपारभर बसून एकेका नावाचं शेपूट बदललं होतं. नाव बदललं की फाइलही बदलते, असंच त्यांना वाटलं होतं. मग एकही उघडेना, म्हणून वर कळवलं. वरून लगेच उत्तर आलं, खराब आहेत, पुसा.

सोमवारपर्यंत दोघा मुलांनी सगळी शेपटं सरळ केली. साहेब, तुम्ही स्वतः आलात, मुलांची पाठ थोपटलीत, हुशार पिढी वगैरे म्हणालात. मावशीने डोळे पुसले.

घुमीने फक्त एवढंच विचारलं, “पुसा म्हणण्याआधी तुम्ही यातली एक तरी फाइल उघडून बघायला सांगितलं होतं का?”

तुम्ही घड्याळ बघितलंत. ती अजून तिथंच उभी आहे, साहेब. बोला.