तिसऱ्या फाटकापलीकडचा डबा

चर्चपासून तिसऱ्या घराच्या ओट्यावर हेस्टर यांकीस रोज सकाळी कॉफीत रस्क बुडवत बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय तिचा रस्क मऊ होत नसे. वय एकाहत्तर, शाळा तीन वर्षं. पण केपटाउनच्या नातीनं फोनवर तो खेळ लावून दिला, आणि कारूच्या माळावर कुठल्या दगडाखाली काय आहे हे हेस्टरला मेंढपाळांपेक्षा जास्त कळू लागलं.

खेळ साधा. कुणीतरी डबा लपवतो आणि जागेचे आकडे फोनवर टाकतो. आपण बाणामागं चालायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. एखादी चिल्लर वस्तू घेतली तर एखादी ठेवायची, आणि डबा होता तसा झाकून यायचं. घरी आल्यावर फोनवर कळवायचं, सापडला. नसेल सापडला तर तेही कळवायचं, न लाजता. वहीत नाव नाही तर डबा सापडला नाही, एवढा एकच कायदा. बक्षीस काही नाही. पण वाळक्या काटक्यांखाली हात जावा आणि बोटांना पत्रा लागावा, त्या घडीला हेस्टर सात वर्षांची होई. मध्येच कुणी आलं तर चपलेतला खडा काढायचं सोंग करायचं. गावाला वाटे, या टान्नीच्या, म्हणजे मावशीच्या, चपलेत फार खडे जातात बुवा.

हा नाद असलेला गावात दुसरा एकच, फ्लोरिस काम्फर. रेल्वेतला निवृत्त सिग्नलवाला. त्याच्या खिशात रेल्वेच्या दिवसांतली जांभळी पेन्सिल असे. टोक जिभेवर ओलं केल्याशिवाय ती उमटत नसे, म्हणून त्याची जीभ कायम जांभळी.

"चारशे नव्व्याण्णववर अडकलीस ना, हेस्टर? गुडघ्यात तेल घाल," तो कुंपणावरून ओरडे.

"तू आधी जीभ धू. तुझी बायको सिएना तुझा मुका कसा घेते, देव जाणे."

तो चारशे अठ्ठ्याण्णववर होता. एकाच डब्यानं मागं. हेस्टरला झोंबायचं ते हेच.

जवळपास उरलेला डबा एकच होता, तिसऱ्या फाटकापलीकडं, माकडकड्याच्या पोटात. दोन वर्षांत चार जणांनी लिहिलं होतं, नाही सापडला. असं झालं की मग कुणी तिकडं फिरकत नाही. डबा गेला म्हणून सोडून देतात.

मार्चमध्ये हेस्टर तिकडं गेली. तिसरं फाटक ओलांडलं आणि गुडघ्यानं दगा दिला. कडा अजून अर्धा तास दूर होता. ती एका सपाट दगडावर बसली, खिम्याचे गोळे खाल्ले, कड्याकडं बघत राहिली आणि परत आली. ओट्यावर बसून तिनं फोनवर लिहिलं, "सापडला. वाट सोपी. डबा ठणठणीत."

पाचशे. खोटं बोलायला गुडघे लागत नाहीत.

मंगळवारी फ्लोरिस कुंपणाशी आला. "खरंच वाट सोपी आहे?"

"तुझ्यासारख्या थेरड्यालासुद्धा."

बुधवारी तो गेला. गुरुवारी त्याची पिकअप तिसऱ्या फाटकापाशी मिळाली. गाडीला कुलूप, सीटवर कॉफीचा थर्मास. पोलीस आले, कुत्री आली, शेतमालक घोड्यांवरून दहा दिवस फिरले. टोपीसुद्धा मिळाली नाही.

आठ महिने झाले. हेस्टरनं फोन कपाटात टाकला. ओट्यावर बसे, पण रस्क कपात विरघळून तळाला जाई आणि तिला भान नसे. लोक म्हणत, बिचारीचा सोबती गेला. ती मान खाली घाली. उभ्या जन्मात तिनं घातली नव्हती.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर, सिएनानं तिचा हात धरला.

"टान्नी, मला त्या डब्यापाशी न्या."

"कशाला, पोरी?"

"पोलिसांना डबा मिळाला नाही. त्यांना कुठली हुडकायची अक्कल. तुम्हाला जागा ठाऊक आहे. वहीत आमच्या यांचं नाव असेल तर ते पोचले होते, खुशीत होते. एवढं कळलं तरी मला झोप लागेल."

हेस्टरनं तोंड उघडलं. मागं पाळकाची बायको चहाचा ट्रे घेऊन कान देऊन उभी होती. हेस्टरनं तोंड मिटलं.

"मंगळवारी जाऊ," ती म्हणाली.

गाडी सिएना चालवत होती. शेजारी बसणाऱ्यानं उतरून फाटक उघडायचं, अशी तिकडची रीत. पहिल्या फाटकाशी हेस्टरनं ठरवलं, दुसऱ्याशी सांगते. दुसऱ्याशी ठरवलं, तिसऱ्याशी. तिसऱ्या फाटकाची साखळी हाताला चटका देत होती. तिनं ती काढली, गाडी आत आली, तिनं ती पुन्हा लावली.

"पुढं चालत ना?" सिएनानं विचारलं.

"चालत."

दुपारचे बारा. सावल्या पायाखाली गेलेल्या. हेस्टरनं फोन काढला तर त्यातला बाण गरगर फिरत होता. तिनं तो खिशात ठेवला. तो सपाट दगड आला. इथंच सांगायचं, असं म्हणेपर्यंत ती त्याच्या पुढं निघून गेली होती.

गुडघा दुखत नव्हता.

कोरड्या ओढ्यापाशी ती डावीकडं वळली. का वळली, तिला कळलं नाही. पुढं तीन कोरफडी होत्या, तिथून ती वर चढली. कुठं पाय द्यायचा हे पायांना माहीत होतं. किडे किरकिरायचे थांबले होते. मागं फक्त सिएनाचा श्वास.

"एकदाच आलात, आणि एवढं लक्षात आहे?" सिएना म्हणाली.

हेस्टर चढत राहिली.

कड्याला खांद्याच्या उंचीवर एक चीर होती. हेस्टरनं न बघता हात घातला. बोटांना पत्रा लागला. बाहेर दगड तापून फुटायला आले होते, आणि पत्रा गार. अंगात तोच जुना आनंद उसळला, सात वर्षांचा, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

हिरवा डबा. आत वही, एक प्लॅस्टिकचा घोडा आणि जांभळी पेन्सिल.

सिएनानं वही ओढून घेतली. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं.

"हे तुमचं."

मार्चची ती तारीख. पुढं हेस्टरचं नाव, तिच्याच हातचं. पहिल्या अक्षराला कोंबडीच्या पायासारखी शेपूट, शेवटची अक्षरं खाली घसरलेली. तीन वर्षांच्या शाळेचं अक्षर, ते कुणाला काढता येणार?

त्याखाली बुधवारची तारीख. फ्लोरिस काम्फर. आणि एक ओळ.

*हेस्टर म्हणाली तशीच, वाट सोपी.*

सिएना मटकन खाली बसली आणि त्या ओळीवर गाल ठेवून रडू लागली. "पोचले होते, टान्नी. पोचले होते."

"सिएना, ऐक. मी इथं आले नव्हते."

"काय?"

"मार्चमध्ये. त्या दगडापासून मागं फिरले. वाट मला ठाऊकच नव्हती. मी खोटं लिहिलं, आणि त्यावर विसंबून तो आला."

सिएनानं तोंड वर केलं. गालाला जांभळा डाग लागला होता. तिनं हेस्टरच्या हातावर थोपटलं.

"ऊन लागलंय तुम्हाला. हे बघा ना, तुमचंच नाव आहे. उगाच स्वतःच्या जिवाला लावून घेऊ नका."

"अगं, पण मी..."

"टान्नी, पुरे. बसा सावलीला."

माफी नको होती हेस्टरला. शिवी हवी होती. ती मिळण्याची वाटच कुणीतरी बंद करून ठेवली होती, तिच्याच अक्षरात.

"आण ती वही," ती म्हणाली.

वहीत नाव नाही तर डबा सापडला नाही. मग खरं काय ते वहीतच लिहायचं. मी आले नव्हते, एवढे तीन शब्द तिला लिहिता येत होते.

तिनं पान मांडीवर घेतलं. फ्लोरिसच्या ओळीखाली आजची तारीख होती. सिग्नलवाल्याच्या नीटस, उभ्या आकड्यांत. तारखेपुढं नावाची जागा मोकळी.

मघाशी ती तारीख तिथं होती का? सिएनानं गाल ठेवला होता तो नेमका तिथंच.

हेस्टरनं डब्यातली पेन्सिल उचलली.

त्या उन्हात थुंकी जमिनीला टेकायच्या आत वाळते.

पेन्सिलीचं टोक ओलं होतं.