डावा हात आणि हवालदार

हरिओमच्या घमेल्यात आभाळातून काहीतरी पडलं, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला, आपली वेळ भरली.

तो मोताळ्यापासून पाच किलोमीटरवर एका माळावर गुडघे टेकून माती गोळा करत होता. माती परीक्षणाची नोकरी. खड्डा घ्यायचा, कडेची माती खरवडायची, पिशवीत भरायची, वर शेतकऱ्याचं नाव लिहायचं. या नोकरीत कुणी मरत नाही, एवढं एकच बघून त्याने ती घेतली होती. आणि आता घमेल्यात 'टण्' वाजलं होतं. आत पांढरं, गोल, अंड्याहून जरा लहान असं काहीतरी होतं.

"ओ भाऊ, सरका! दुसरा येऊन राह्यला!"

हरिओमने वर पाहिलं. भुरभुर पाऊस, राखाडी आभाळ, आणि त्यातून थेट त्याच्या नाकाकडे निघालेला दुसरा बॉल. तो ओरडला नाही, पळाला नाही. त्याने फक्त डोळे मिटले... आणि त्याचा डावा हात त्याला न विचारता वर गेला, बॉल पकडून खाली आला.

सोयाबीनच्या धुऱ्याच्या बांधावरून एक मुलगी धावत आली. ओढणी कमरेला बांधलेली, पायात चिखलाचे बूट, हातात टोकाला वाकवलेली लोखंडी काठी.

"लागलं का हो?" तिने विचारलं. मग तिची नजर त्याच्या हातावर गेली आणि तिथेच थांबली. "भाऊ... तुम्ही डावरे आहात?"

"नाई!" हरिओम इतक्या जोरात म्हणाला की बाजूच्या बाभळीवरच्या साळुंक्या उडाल्या.

"मंग हे काय?"

"चुकून झालं. माफ करा." त्याने बॉल उजव्या हातात घेतला, उजव्या हाताने परत दिला आणि डावा पाठीमागे लपवला. त्या मनगटात काळा दोरा होता. तिने तोही पाहिला.

"मी पुष्पांजली," ती हसली. पावसाचा एक थेंब तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि पडायचं विसरला. "जनावरांच्या दवाखान्यात नोकरीले आहे. अन् तुम्ही आमचा दुसरा खड्डा खोदून राह्यले. गोल्फचा."

परत जाताना हरिओमची गाडी पंक्चर झाली. का झाली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हरिओम सात वर्षांचा असतानाची गोष्ट. पोळ्याचा दिवस होता. घरच्या बैलाची पूजा चाललेली. आई जनकाबाईने कुंकवाचं ताट पुढे केलं आणि पोराने हौसेने बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं. डाव्या हाताने. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल मेला. घरात एकच वाक्य उरलं, पोराच्या डाव्या हातानं बैल खाल्ला. त्या दिवसापासून तो हात फडक्याने कमरेला बांधला गेला. शाळेत, जेवताना, झोपतानासुद्धा. दोन वर्षांनी फडकं सुटलं, पण तोवर हरिओम उजवा झाला होता आणि भित्रा झाला होता. आता सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी तो डाव्या हाताने दाराची कडीसुद्धा काढत नसे. एकदा चुकून डाव्या हाताने मिस्ड कॉल दिला, तर ज्याला दिला त्याला कावीळ झाली.

या असल्या माणसाला पुष्पांजली भेटली होती. तिची गोष्ट तर आणखीच उलटी.

तिचे वडील, सुभेदार महादेवराव, फौजेत असताना तिथल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल करायचे. निवृत्तीच्या दिवशी एका कर्नलसाहेबाने आपला जुना सेट त्यांना भेट दिला. सुभेदारांनी तो ट्रंकेत घालून गावी आणला, पडीक माळावर तीन खड्डे खणले, तीन झेंडे लावले. मग लक्षात आलं, कर्नल डावरा होता. सगळ्या काठ्या डाव्या! सुभेदार उजवे, मुलगी उजवी, अख्खं गाव उजवं. पण फौजी माणूस मागे हटतो का? बापलेकीने चार वर्षं डाव्या बाजूने खेळायला शिकण्यात घालवली. पहिल्या वर्षी बॉलला काठी लागली नाही. दुसऱ्या वर्षी सुभेदारांच्या नडगीला लागली. चौथ्या वर्षी मात्र पुष्पांजलीचा बॉल नाल्यापलीकडे अलगद झेंड्याजवळ उतरू लागला, आणि बाजाराच्या दिवशी लोक पिशव्या खाली ठेवून पाहायला थांबू लागले.

"पण जन्माचा डावरा कसा मारतो, हे मले मरायच्या आधी या माळावर पाहाचं आहे," असं सुभेदार म्हणायचे.

पुढच्याच आठवड्यात हरिओम पुन्हा माळावर हजर झाला. मातीचा नमुना कमी पडला, म्हणे. त्याच्या पुढच्या आठवड्यातही कमी पडला. त्या माळाची माती जिल्ह्यात सर्वांत जास्त वेळा तपासली गेली. तिच्यात काही नव्हतं.

"भाऊ, शिकता का?" पुष्पांजलीने एक दिवस काठी पुढे केली.

'भाऊ' ऐकलं की हरिओमच्या पोटात खड्डा पडायचा, चौथा. पण काठी त्याने घेतली. उजवीकडून उभा राहिला, काठी उलटी फिरवली आणि टोकाच्या मागच्या बाजूने बॉल ढकलला. बॉल दोन हात जाऊन शेणात बसला.

"उलट्या पळीनं वरण वाढून राह्यला का बे!" सुभेदार कडाडले. "पोरी, याले सरळ उभं कर!"

पण हरिओम सरळ उभा राहीना. आठवड्यांमागून आठवडे तो उलट्या काठीने खेळला. एक बॉल विहिरीत गेला, एक शेजारच्या कपाशीत. एक तर गोठ्यातल्या बैलाने तोंडात घेतला आणि बराच वेळ विचार करून परत टाकला. सुभेदारांनी त्या बैलाचं नाव हवालदार ठेवलं होतं, कारण तो सुभेदाराचंच तेवढं ऐकायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुष्पांजली नेहमीसारखी बोलत नव्हती. ओल्या गवतात काठीचं टोक उगाच फिरवत होती.

"परवा पाहुणे येऊन राह्यले," ती म्हणाली. "देऊळगाव राजाहून. मले पाहाले."

"अच्छा... चांगलं आहे." हरिओम घमेल्यातली माती उगाच खरवडू लागला.

"चांगलं आहे?"

"म्हंजे... रस्ता चांगला झाला आता तिकडचा."

पुष्पांजलीने त्याच्याकडे पाहिलं. अशा नजरेने ती फक्त चारा न खाणाऱ्या म्हशीकडे पाहायची. "एक विचारू? तुम्ही डाव्या हातानं काऊन मारत नाई? पह्यल्या दिवशी तं डोळे झाकून बॉल धरला होता."

मग हरिओमने सांगितलं. पोळा, कुंकू, बैल, फडकं, कावीळ, सगळं. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मी मारताना... मनात तुम्ही असता मॅडम. अन् तुमाले काई झालं तं? माह्या हाताचं मले लय भेव वाटते."

पावसाची एक सर येऊन गेली. पुष्पांजलीचे कान लाल झाले होते, पण ती बोलली ती जनावरांच्या दवाखान्याच्या आवाजात.

"बैलानं आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"अं?"

"बैल मरते तं आम्ही पह्यले हेच विचारतो. पोट फुगलं होतं का? तोंडाले फेस होता का? काय खाल्लं होतं?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हरिओमने तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आई, आपला बैल मेला तवा त्यानं काय खाल्लं होतं?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. हरिओमला वाटलं, आता आईला काही झालं.

"कोवळी ज्वारी," जनकाबाई हळूच म्हणाल्या. "पोळ्याच्या संध्याकाळी म्याच टाकली. सणाचा दिवस, म्हटलं हिरवं खाऊ दे. कोवळ्या ज्वारीत इख असते हे मले मालूम नव्हतं रे... तुह्या आजीनं विचारलं तं माह्या तोंडातून निघालं, पोरानं डाव्या हातानं कुंकू लावलं. मले वाटलं, लेकराले कोण काय म्हणन? पण तिनं फडकंच आणलं. मंग खरं सांगाची हिंमत झाली नाई. आजी गेली तरी झाली नाई. राग आला का रे?"

"नाई," हरिओम म्हणाला. त्याला खरंच राग आला नव्हता. भीती कशी असते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "जेवलीस का तू?"

फोन ठेवला. पुष्पांजलीने काठी त्याच्यासमोर धरली, सरळ बाजूने.

हरिओम डावीकडून उभा राहिला. पाय ठेवायची जागा त्याने तीनदा बदलली, कारण खरं कळलं म्हणून एकोणीस वर्षांची भीती लगेच बस पकडून निघून जात नाही. त्याने काठी मागे नेली. खांदा आपोआप वळला, कंबर आपोआप फिरली, जणू तो हात इतकी वर्षं फडक्यात बसून हेच शिकत होता. खट्ट! बॉल नाल्यावरून, बाभळीवरून गेला आणि तिसऱ्या झेंड्याशी वीतभर अंतरावर टेकला.

गोठ्याच्या आडून सगळं ऐकलेल्या सुभेदारांनी पुढे येऊन झेंड्याला सलाम ठोकला.

हरिओमने मात्र आधी आईला फोन लावला. जिवंत होती. मग शेजाऱ्याला. शेजारी, त्याची म्हैस आणि बकरी, तिघं ठीक होती. तेवढ्यात सुभेदारांना ठसका लागला आणि हरिओम मटकन खाली बसला.

"सुपारी अडकली बे!" सुभेदार डोळे पुसत म्हणाले. "उद्या पोळ्याले ये. हवालदाराले कुंकू तू लावजो. डाव्या हातानं. हुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी हरिओमने हुकूम पाळला. हवालदाराच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. हरिओमने बोट इतक्या घाईत ओढलं की टिळा कपाळाच्या ऐवजी भुवईपासून कानापर्यंत गेला. पुष्पांजली ताट धरून उभी होती. तिची नजर हवालदारावरून हलत नव्हती, पण ते त्याला दिसलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो गोठ्यापाशी पोहोचला. धुकं होतं. हवालदार आडवा पडलेला होता. पाय लांब, मान मातीवर...

हरिओमच्या हातातून गाडी सुटली, धाडकन पडली. त्या आवाजाने हवालदाराने एक डोळा उघडला, कान झटकला आणि पुन्हा झोपला.

"जिता आहे." गोठ्याच्या खांबाला टेकून पुष्पांजली उभी होती. केस विस्कटलेले, डोळे लाल. "म्या राती चार वेळा येऊन पाह्यलं."

"तुम्ही? तुमाले तं मालूम होतं, कुंकवानं काई होत नाई."

"मालूम होतं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण मेला असता तं... तुम्ही पुन्हा आलेच नसते न."

कुठेतरी घुंगरू एकदाच वाजलं. हरिओमने एकदम विचारलं, "पाहुणे कितीक वाजता येतात?"

"नाई येत. बाबांनी काल फोन करून सांगतलं."

"काय सांगतलं?"

"आमाले डावरा सापडला म्हणून."

हरिओमला भीती वाटली. पंक्चरची, काविळीची, पुढच्या पन्नास वर्षांची. तरीही त्याने डावा हात पुढे केला. "मॅडम... भेव वाटते. पण मले तुमच्यासंगंच राहाचं आहे."

"मले बी वाटते, हरिओम," ती म्हणाली आणि आपला हात त्याच्या हातात दिला.

तिने 'भाऊ' म्हटलं नव्हतं. ते लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला, कारण तो खाली पाहत होता. समोरासमोर उभं राहिलं की आपल्या डाव्या हातासमोर दुसऱ्याचा उजवाच येतो. हात वाकडा करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. इतकी साधी गोष्ट त्याने आजवर कधी पाहिली नव्हती.