स्लीवमोरखालचं घर

आमच्या अकिल या आयरिश बेटावर पाहुणे येतात ते कीमचा किनारा आणि स्लीवमोर डोंगराखालची ओसाड वस्ती बघायला. ऊना पॅटनही त्यासाठीच आली होती. माझ्या आजीच्या बहिणीची ही नात, जन्मली-वाढली क्लीव्हलँडला. साठी ओलांडलेली, नवरा नुकताच गेलेला. तिची आजी लहानपणी उन्हाळ्यात गुरं-मेंढ्या घेऊन त्या वस्तीत राहायची, ते घर तिला बघायचं होतं.

ऑक्टोबरातली दुपार होती. आधी कीमला गेलो. किनाऱ्यावर आम्ही दोघंच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ऊना पाण्यात शिरली आणि कुडकुडत परत आली.

"अमेरिकेची बाई एवढ्यात गारठली?" मी गाडीतूनच म्हणालो.

"गाडीत बसून बोलायला तुझं काय जातंय," ती म्हणाली आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

वस्तीपाशी पोचलो तेव्हा डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं. छप्पर नसलेली दगडी घरं एकेक करून त्यात बुडत होती. मी गाडी बंद करेपर्यंत ऊना पुढं गेली. हाका मारल्या, ओ नाही. मग एका घरातून तिचं बोलणं ऐकू आलं. दबक्या आवाजात, सावकाश... आणि आयरिशमध्ये. आदल्या रात्री जेवताना तिला आयरिशमध्ये नुसतं 'आभार' म्हणायला शिकवताना माझी दमछाक झाली होती.

मी दारात गेलो. आत दलदलीतून खणून वाळवलेल्या मातीचा धूर कोंदला होता, आमच्या चुलीत सरपण म्हणून जळते तीच माती. चुलीत मात्र ओले दगड. ऊना त्या दगडांपुढं उकिडवी बसून हात शेकत होती.

"ऊना, चल... वाट दिसेनाशी होईल."

तिनं मान वळवली नाही. "हळू बोल," ती आयरिशमध्येच म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"कुणाचा?"

तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं खाजकुयलीसारखं रान माजलं होतं, बाकी कुणी नव्हतं. पण मधलं रान अंगाखाली दबावं तसं दबलेलं होतं... आणि संथपणे वर-खाली होत होतं.

मी तिचं मनगट धरून ओढलं. ती मुकाट्यानं आली. वजन म्हणून जाणवलं नाही तिचं.

त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. जेवलीही नाही. विमानतळावर निरोप घेताना माझ्याकडं असं बघत राहिली, जणू कुणी परका माणूस तिला परक्या ठिकाणी पाठवत होता.

नाताळच्या सुमारास तिच्या मुलीचा, कोरिनचा, फोन आला. आई दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसते, कसल्याशा भाषेत पुटपुटते, डॉक्टरांनाही काही उमगत नाही. "मॅनसमामा, जरा ऐकता का?" असं म्हणून तिनं फोन आईच्या तोंडाशी नेला.

आधी तेच दबकं, सावकाश आयरिश. मग ऊनाचा आवाज, अगदी स्पष्ट, इंग्रजीत.

"मॅनस, मी अजून इथंच आहे रे... तू कुणाला घेऊन गेलास?"

कोरिन परत फोनवर आली. आईच्या पुटपुटण्यातलं काही कळलं का, विचारत होती. तिला यातलं एक अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. आणि तिच्या मागून, क्लीव्हलँडच्या उंच इमारतीतल्या बंद खोलीतून, मेंढ्यांचं ओरडणं येत होतं.