बारा ओळी

काम तसं एवढंसंच होतं. खुर्चीखाली घरंगळलेला लोकरीचा गुंडा उचलून द्यायचा. मी वाकले, गुंडा काढला, तर काजवाल्या आजी म्हणाल्या, "आता हातात घेतलाच आहेस, तर जरा धरून बस की."

मी डायलिसिसच्या विभागात टेक्निशियन आहे. आमच्याकडचे पेशंट आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला जोडलेले असतात. एका हातात दोन जाड सुया, आणि तो हात अजिबात हलवायचा नाही. आजींचा डावा हात अडकलेला असायचा. शर्टांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काजं केली होती, म्हणून सगळे त्यांना काजवाल्या आजी म्हणायचे. रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पण क्रोशाला दोन हात लागतात. उजव्यात सुई, आणि डाव्यात विणलेला भाग नि लोकरीचा ताण.

"एक हात माझा, एक तुझा," त्या म्हणाल्या. "जमतंय बघ."

आणि जमलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसायचे. माझ्या डाव्या हाताच्या बोटांमधून लोकर सरकायची, त्यांची सुई आत-बाहेर करायची. सैल धरलं की लगेच, "अगं, ताण ठेव. गुरं वळतेयस का?" माझा डावा हात महिन्याभरात तरबेज झाला. उजव्याला मात्र एक टाका येईल तर शपथ.

मफलर त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी होता. आईच्या शेवटच्या आजारपणात आजींनी तिला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, 'मला नाही जमणार.' त्यावरून बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

"मग आता मफलर कशाला?" मी विचारलं.

"तिला थंडी फार वाजते गं. लहानपणी माझ्याच पांघरुणात शिरायची." जरा वेळाने म्हणाल्या, "मीच नेऊन देणार आहे. दार उघडलं नाही तर कडीला अडकवून येईन."

एका शुक्रवारी विभागात नुसती धावपळ होती. दोघांचं ब्लडप्रेशर उतरलं, एक मशीन सारखं ओरडत होतं. आजींनी दोनदा हाक मारली. "ये ना. बाराच ओळी राहिल्यात."

"आज नाही जमणार, आजी. सोमवारी नक्की."

त्या चारही तास मफलर मांडीवर घेऊन त्यावरून एकच हात फिरवत राहिल्या.

सोमवारी खुर्ची रिकामी होती. त्यांना दर वेळी सोडायला येणारी शेजारीण पिशवी घेऊन आली. "काल पहाटे गेल्या. हे तुलाच द्यायला सांगून ठेवलं होतं." पिशवीत मफलर होता, गुंडा होता, आणि चिठ्ठीवर बहिणीचा पत्ता.

दुपारी दोन पाळ्यांच्या मध्ये विभाग तासभर रिकामा असतो. तेव्हा मशीन आतून धुतात. सगळीकडे व्हिनेगरसारखा आंबूस वास भरतो आणि पाण्याची एकसुरी घरघर चालू असते. मी सवयीने त्या स्टुलावर बसले. उरलेल्या ओळी कुणाकडून तरी करून घ्याव्यात, असा विचार करत होते. क्रोशाची सुई शेवटच्या टाक्यात तशीच अडकलेली होती. मी मफलर डाव्या हातात धरला, लोकर बोटांना गुंडाळली, आणि खिडकीबाहेरच्या निष्पर्ण झाडाकडे बघत बसले.

लोकर बोटांमधून सरकली.

वाटलं, गुंडा घरंगळला असेल. गुंडा पायाशी स्थिर होता. लोकर पुन्हा सरकली... थांबली... पुन्हा सरकली. तो ताण मला ओळखीचा होता. हातातलं विणकाम हलकेच हलत होतं, आणि मनगटाला कुणी ओला गार कपडा गुंडाळावा तसं वाटत होतं.

मी खाली पाहिलं नाही. खरं सांगते, धीरच झाला नाही.

"आजी..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "शुक्रवारी चुकलं माझं."

लोकर थांबली. कितीतरी वेळ थांबली. तेवढ्या वेळात मी रडले. मग बोटांवर हलकासा ताण जाणवला, काम पुढे चालू झालं.

मशीनची शिट्टी वाजली तेव्हा मी खाली बघितलं. चार ओळी वाढल्या होत्या. घट्ट, एकसारख्या, काजाच्या टाक्यांसारख्या. बुधवारी आणखी चार झाल्या, शुक्रवारी चार. शेवटचा टाका बंद झालेला होता. मी फक्त लोकर कापली.

रविवारी सकाळी मफलर, सुई नि उरलेला गुंडा घेऊन पत्त्यावर गेले. दार उघडलं ते आजींच्याच चेहऱ्याने, फक्त सहा-सात वर्षांनी लहान. मफलर पाहताच तिने तो ओळखला. "तिचाच हात आहे हा. खाली उभीय का ती? वर का नाही आली?"

मी सांगितलं. ती दाराशीच चपलांच्या फळीवर बसली. मफलर गळ्याभोवती घेतला, त्याचं टोक तोंडावर दाबून धरलं. "मी जमणार नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला आईचे हाल बघवत नव्हते, म्हणून. तेवढं मी तिला कधी सांगितलंच नाही."

बारा ओळींबद्दल मी बोलले नाही. तिला कशाला भिववायचं?

महिन्याने भर दुपारी तिचा फोन आला.

"तू दवाखान्यात असतेस म्हणून विचारते, बाळ. हात गार पडला तर काय करावं? डावा. आधी मनगटापर्यंत होता, आता खांद्यापर्यंत चढलाय."

"मावशी... तुम्ही काही विणता का?"

"मी कुठली विणतेय! मी फक्त धरते." ती लहान मुलीसारखी हसली. "जेवण झालं की बसते खिडकीत. बरं वाटतं गं. माणूस शेजारी असल्यासारखं."

"मावशी, नका धरू. नाही म्हणा."

"एकदा म्हटलं होतं की."  मग ती आवाज उतरवून म्हणाली, "कालपासून ती म्हणतेय, दुसराही हात दे."

"तुम्ही एकट्या थांबू नका, मी आत्ता निघते, तुम्ही फक्त—"

तिने माझं ऐकलं नाही. रिसीव्हरपासून तोंड बाजूला केल्यासारखा तिचा आवाज लांब गेला. थोरल्या बहिणीवर करवादावं, तसं ती कुणाला तरी म्हणाली,

"थांब गं जरा, फोनवर बोलतेय ना!"