मागून एक येतोय

बसा त्या स्टुलावर. सॅकचा पट्टा उसवलाय एवढंच ना, पाच मिनिटांचं काम. पण तुम्ही त्या लांबच्या पायी यात्रेला निघालाय म्हणता, तर दहा मिनिटं द्या. दुहेरी टीप मारून देतो. सव्वा महिना चालायचं म्हणजे पट्ट्याने दगा देऊन भागत नाही. चहा येईलच आतून. ताईला आवाज द्यावा लागत नाही, दुकानात गिऱ्हाईक बसलं की तिला कळतं.

मीही गेलो होतो त्या वाटेला. तीन वर्षं झाली. तुम्हाला अडवायचं म्हणून सांगत नाही. वाट सुंदर आहे, आणि तिथल्या खाण्यापिण्याच्या जागा तर एकेक नमुने. माणसं पुण्य मिळावं म्हणून निघतात आणि परत येऊन बोलतात ती त्या खानावळींबद्दल, बारबद्दल. मीही खानावळीबद्दलच सांगणार आहे.

माझी थोरली बहीण आणि मी, दोघं निघालो होतो. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच मला वाढवलं. लहानपणापासून ती मला एका नावाने हाक मारायची. वेडगळ नाव आहे, चारचौघांत घ्यायची लाज वाटावी असं. आम्हा दोघांशिवाय ते कोणाला ठाऊक नाही, भावोजींनासुद्धा नव्हतं. ही यात्रा खरं तर भावोजींना करायची होती. ते अचानक गेले, आणि आठ महिन्यांनी ताई म्हणाली, मी जाते. एकटीला कशी सोडू? दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो. तिच्यासाठी मातकट रंगाचं जाड जाकीट मी स्वतः शिवलं. चार मोठी बटणं, आणि आत डाव्या बाजूला चोरखिसा. त्या खिशात तिने भावोजींचं घड्याळ ठेवलं होतं.

पहिले बारा दिवस मजेत गेले. तेराव्या दिवशी वाट डोंगरात शिरली आणि धुकं लागलं. भर दुपारी दहा पावलांपलीकडचं दिसेना. मोबाइलला रेंज नाही. त्या पट्ट्यात एक पद्धत आहे, ती नीट ऐकून ठेवा. कुठल्याही खानावळीत शिरलात की आधी विचारतात, 'मागे कोणी आहे?' मागून येणारा दमलेला असतो, आणि तो पोचेपर्यंत पातेलं रिकामं झालं तर पुढे चार तास अन्न नाही. म्हणून पुढे आलेल्याने सांगायचं, मागून एक येतोय किंवा दोन येताहेत. तेवढे वाडगे भरून, वर बशी झाकून बाजूला ठेवतात. चांगलीच पद्धत आहे हो. माणुसकीची आहे.

पहिली खानावळ एका न्हाव्याची होती. केस कापायचं सोडून त्याने सूप विकायला सुरुवात केली होती, पण सामान तेच ठेवलं होतं. तीन फिरत्या खुर्च्या, पुढे लांबलचक आरसा. गळ्याभोवती पांढरा कपडा बांधून तो तुमच्या हातात वाडगा देणार. स्वतःकडे बघत जेवायचं. ताई हसली त्या दिवशी. किती महिन्यांनी हसली असेल!

न्हाव्याने विचारलं, "मागे कोणी आहे?"

ताई सूप ढवळत होती. वर न बघता म्हणाली, "मागून एक येतोय."

आणि थबकली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. तीस वर्षांची सवय होती ती. भावोजी नेहमी चार पावलं मागे असायचे, आणि ही जिथे जाईल तिथे सांगायची, ते येताहेत मागून. माझ्याही लक्षात आलं. पण तिला तोंडावर कसं सांगू, की ताई, आता कोणी नाही गं?

"कसा दिसतो ते सांगा," न्हावी वाडगा भरत म्हणाला, "नाहीतर त्याच्या वाटचं दुसराच कोणीतरी खाऊन जायचा."

"निळी टोपी," ताई हळूच म्हणाली. "हळू चालतो."

त्याने वाडग्यावर बशी झाकली. आम्ही निघालो.

दुसरी जागा म्हणजे माळावर उभी केलेली जुनी बस. चाकं नाहीत, आत बार. मालक एके काळचा कंडक्टर. काही हवं असेल तर दोरी ओढून घंटा वाजवायची, मग तो तिकिटाला भोक पाडून तुमच्या हातात बिअर देतो. ताईच्या टाचेला फोड आला होता म्हणून आम्ही तिथे बराच वेळ टेकलो. तेवढ्यात पाववाली आली. सगळ्या खानावळींना ती तिच्या गाडीतून पाव पोचवते. जाडजूड, बडबडी बाई, बोलायला लागली की थांबत नाही.

"तुम्हीच ना ते बहीण-भाऊ? न्हाव्याकडे तुमचा माणूस जेवला हो. थांबू नका म्हणालाय, गाठेन म्हणालाय."

ताईच्या हातातला पेला टेबलावर आपटला. "कसा... कसा होता?"

"निळी टोपी होती. हळू चालत होता."

"आणि चेहरा?"

पाववालीने डोकं खाजवलं. "चेहरा काही ध्यानात नाही बाई. टोपीच आठवते."

मी म्हटलं, असेल कोणी फुकट्या, न्हाव्याचं बोलणं ऐकून बसला असेल. पण ताई ऐकत नव्हती. कंडक्टरने विचारलं, "मागे कोणी आहे?" मी नाही म्हणायच्या आत तीच बोलली.

"एक आहे. कॉफीत चार चमचे साखर घालतो. आणि शीळ वाजवत येतो."

त्या रात्री ती शांत झोपली. मी मात्र जागाच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी जागा लागली, बुटांची. यात्रेकरूंचे झिजलेले बूट छताला टांगलेले, शेकडो. त्यांच्याखाली बसून जेवायचं. ओल्या चामड्याचा वास घशात बसत होता. पाववाली आमच्या आधीच पोचली होती.

"चार चमचे साखर घेतली बरं का तुमच्या माणसाने!" ती म्हणाली, पण आज तिचा आवाज खाली होता. "शीळही वाजवत होता. एकच सूर... मध्ये थांबतच नव्हता हो. श्वास कधी घेतो कोण जाणे."

निळी टोपी ताईने सांगितली, तर टोपी आली. साखर सांगितली, साखर आली. तिने सांगितलं नव्हतं असं काहीच त्याच्याजवळ नव्हतं. मी शिंपी माणूस. माप दिलं असेल तेवढंच कापड कापतो, वर बोटभरसुद्धा नाही. हे तसंच होतं. कोणीतरी आमच्याकडून माप घेत होतं.

बुटांचा मालक विचारायला आला तेव्हा मीच आधी तोंड उघडलं. "एक आहे मागे. डावा पाय ओढत चालतो."

भावोजींचे पाय शेवटपर्यंत ठणठणीत होते. ताईने माझ्याकडे एकदा बघितलं.

तिथून पुढच्या खानावळीपर्यंत एकच वाट होती, एका बाजूला कडा आणि दुसरीकडे दरी. तीन-साडेतीन तास चाललो असू. आणि मागून शीळ ऐकू आली. एकच सूर. न तुटता. मग तिच्या खाली दुसरा आवाज... खर्र... टप. खर्र... टप. एक पाय टेकत होता आणि एक ओढत येत होता.

"ताई, चल लवकर. ते भावोजी नाहीत. पायाचं मी खोटं सांगितलं होतं."

"माहितेय मला," ती म्हणाली. "त्यांना शीळ तरी कुठे येत होती? मीही खोटंच सांगितलं होतं, बघावं म्हणून."

"अगं मग?"

"मग काय... आठ महिने मागे वळून बघते तर कोणी नसतं. आता कोणीतरी येतंय." आणि ती वाटेकडेच्या दगडावर बसली. "माझी टाच फुटलीय. मला नाही चालवत. तू हो पुढे."

मी ओढलं तिला. उचलायला गेलो. विनवण्या केल्या, रडलोसुद्धा. ती मला त्या नावाने हाक मारून म्हणाली, "अरे, घाबरू नकोस." लहानपणी ताप आला की म्हणायची, अगदी तशी. पुढची खानावळ आता जवळच होती, आमच्या आधी निघालेल्या पाववालीची गाडी तिथे उभी असणार, वीस मिनिटांत तिला घेऊन येतो, असा हिशेब केला आणि मी पळालो. तिला तिथे सोडून पळालो. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

चौथी खानावळ म्हणजे बंद पडलेली शाळा. बाकांवर बसून जेवायचं, फळ्यावर काय शिजलंय ते लिहिलेलं. चालवणाऱ्या बाई पूर्वी तिथल्याच मुख्याध्यापिका. मी धापा टाकत आत शिरलो आणि त्या दारातच आडव्या आल्या.

"मागे कोणी आहे?"

आता बघा, मला काय म्हणायचं होतं. मागे दोघं होती. पण दोघं म्हटलं तर त्याचाही वाडगा भरला जाणार, तोही आत येणार. कोणी नाही म्हटलं तर ताईला मीच सोडून दिल्यासारखं. मी ओरडलो, "एक! एकच आहे! माझी बहीण!"

"कशी दिसते?"

मी घाईघाईने सांगत सुटलो. ठेंगणी आहे, केस पिकलेले, हातात लाल काठी, मातकट जाकीट, त्याला चार बटणं. बाईंनी वाडगा भरला. बशी झाकली. एकच.

पाववाली लगेच निघाली माझ्याबरोबर. गाडी जेमतेम मावेल एवढी वाट, दिवे लावून आम्ही पाऊल-पाऊल मागे गेलो. दगड सापडला. त्यावर कोणी नव्हतं. शीळ बंद झाली होती. मी दरीकडे तोंड करून घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. धुक्यातून काही म्हणजे काही आलं नाही.

परत शाळेशी आलो तर बाई दारात हसत उभ्या. "अहो, कुठे फिरताय? त्या कधीच्या आल्यात."

पहिल्या बाकावर ताई बसली होती. सूप पीत होती. मी धावत जाऊन तिच्या पायाशी बसलो आणि हमसून हमसून रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा माझ्या मनात आलं, वाट तर एकच होती आणि ती आम्ही गाडीने अडवली होती. मग ही आली कुठून?

मी तिचं जाकीट सोडवायला गेलो, ओलं असेल म्हणून. चार बटणं होती. काजं नव्हती. कापड सलग होतं, कात्री लागलेलीच नव्हती त्याला. आत हात घातला... चोरखिसा नव्हता. खिशाचं मी बाईंना सांगितलं नव्हतं ना. आणि टाच बघितली तर कोरडी, साधा ओरखडा नाही.

तिथल्या लोकांनी तीन दिवस दरी धुंडाळली, माझ्या समाधानासाठी. सगळे मला समजावत होते, अहो बहीण तर समोर बसलीय तुमच्या. तिला घेऊन घरी आलो.

चांगली आहे हो. त्रास काही नाही. सुरुवातीला नुसती बसून असायची. मग मीच एकेक सांगत गेलो, की ताईला आल्याचा चहा आवडतो, ताई भांडी घासताना गुणगुणते. दुसऱ्या दिवसापासून ती तसं करायची. काय करू, मला करमत नव्हतं. आता शेजाऱ्यांनासुद्धा फरक कळत नाही. ते एक नाव मात्र मी तिला सांगितलेलं नाही. तेवढं ताईचं ठेवलंय. ती मला भाऊ म्हणते.

आणि गेल्या महिन्यापासून रोज चारच्या सुमाराला कोणीतरी मला त्या नावाने हाक मारतं. बाहेरून. पहिल्या दिवशी चौकाच्या पलीकडून आली हाक. मी धावत गेलो, रस्ता रिकामा. मग औषधांच्या दुकानापासून आली, मग पिठाच्या गिरणीपासून. आवाज ताईचाच आहे, शंकाच नको. दमलेला आहे. पण तिच्या पाठोपाठ येतं ते... खर्र... टप. आता तुम्हीच सांगा, दार उघडून मी किती जणांना ये म्हणू? एक म्हटलं होतं, त्याचं हे असं झालं. काल हाक अगदी पायरीवरून आली. मी मशीनवर डोकं टेकून बसून राहिलो.

हा घ्या पट्टा, ओढून बघा. पक्का झालाय. त्या डोंगरात कोणी विचारलं, मागे कोणी आहे का, तर खरं तेवढंच सांगा.

चार वाजत आलेत, निघा तुम्ही. जाताना दार ओढून घ्या. पायरीवर कोणी बसलेलं दिसलं, तर वळून मला सांगू नका, कशी दिसते ते तर मुळीच सांगू नका. आणि चहा आलाय, जायच्या आधी उजवीकडचा कप घ्या, तो तुमचा. त्याच्या शेजारचा माझा. बशी झाकलेले ते दोन तसेच राहू द्या. आतली ती आज सकाळपासून विचारतेय मला, मागे कोणी आहे का, आणि मी तिला काहीच सांगितलेलं नाही.