व्हिलोझचं नवं दार

चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा मेयरसाहेबांनी खानावळीच्या टेबलावर आपटला.

"उद्या मातेची मिरवणूक. संध्याकाळपर्यंत मूर्ती मिळाली नाही, तर ओनेझीम पोलिसांच्या ताब्यात. किल्ल्या त्याच्याकडेच होत्या."

एवढं बोलून ते तरातरा निघून गेले. म्हातारा ओनेझीम कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. आमच्या व्हिलोझच्या घंटा जन्मभर त्यानेच वाजवल्या. वेदीवरची लाकडी मारियामाता नाहीशी झाली आणि हा लगेच चोर ठरला. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

खानावळवाल्या क्लोतिल्दने मात्र शहरातून एर्मांसबाईंना बोलावून घेतलं होतं. बाई खासगी तपास करतात. सोबत त्यांचे दीर बास्तियाँ, निवृत्त पोलीस. मिशी भारदस्त, डोकं जरा सावकाश.

"म्हातारा निर्दोष निघाला, तर मेयर त्याची माफी मागतील ना?" बास्तियाँनी विचारलं.

"मागतील की. नव्या दारानं येऊन मागतील," क्लोतिल्द म्हणाली.

खानावळ खो खो हसली. बास्तियाँही हसले, कारण सगळेच हसत होते.

मग ओनेझीमला घेऊन दोघं चर्चकडे गेली. मागच्या बाजूला पाद्रीबाबांचे झगे ठेवायची खोली आहे. तिच्या बाहेरच्या दाराचं कुलूप पहारीने उचकटलेलं होतं.

"मेयर म्हणतात, मीच मुद्दाम फोडलं," ओनेझीम पुटपुटला.

"वहिनी, हेच ते नवं दार," बास्तियाँ म्हणाले. "बाकी सगळ्या दारांना शेवाळ आलंय."

म्हाताऱ्याला ते लागलं. "ही खोली होय? ही तर कोठडी. माझ्या बापाच्या देखत बांधली. तिला कोण मोजतंय? नवं दार तिकडे."

उत्तरेच्या भिंतीत एक मोठी कमान होती, दगडांनी गच्च बुजवलेली. तिच्या दोन्ही अंगांना भिंतीतून दगडांचे दात बाहेर आले होते.

"पडली वाटतं इकडची बाजू," बास्तियाँ हळहळले.

"उभी राहिली तर पडेल ना. आधी गाभारा झाला, मग त्याला जोडून मोठं दालन. मग इकडे आणखी एक बाजू काढायचं ठरलं. कमान केली, पुढची भिंत गुंतवायला दात ठेवले. तेवढ्यात लढाई आली आणि कमान बुजवली. पाचशे वर्षं झाली, पण काम सोडलंय असं गावानं कधी म्हटलं नाही."

एर्मांसबाईंनी त्या दातांवरून हात फिरवला आणि त्या गालात हसल्या.

छपरावर आन्सेल्म गवंडी कौलं बसवत होता. बास्तियाँनी खालूनच दरडावलं, "तुझ्याकडे पहार आहे?"

"आहे की. पण चोरी करायला पहार कशाला? पुढच्या मोठ्या दाराला खांदा लावला की उघडतं. पावसाची सर आली की अख्खं गाव तसंच आत शिरतं. कुलूप आपलं नावाला."

आता राहिले खानावळीत उतरलेले पाहुणे, मोस्यो देलारू. जुन्या चर्चचे फोटो काढत हिंडणारा गोडबोल्या माणूस. खानावळीत ते सामान आवरत होते. कॅमेऱ्यात घालायच्या फोटोच्या काचा मोज्यांत गुंडाळून पिशवीत कोंबत होते. कॅमेऱ्याची भलीमोठी पेटी कुलूप लावून शेजारी उभी होती. बास्तियाँना गंमत वाटली.

"सांगायला जीभ रेटत नाही," देलारू म्हणाले, "पण म्हातारा स्वतः मला म्हणाला, 'मूर्ती नव्या दारानं बाहेर काढीन.' या कानांनी ऐकलंय."

"मूर्ती तुम्हाला हवी होती का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. मी त्या मूर्तीबद्दल त्याच्याशी चकार शब्द बोललो नाही."

"भावोजी, मेयरना बोलवा," बाई म्हणाल्या.

खानावळ भरली. बाईंनी देलारूंचं वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवलं. असा हशा पिकला की पेले हलले. मेयरही हसले आणि मग एकदम ओनेझीमकडे वळले.

"पाहिलंत?" बाई देलारूंना म्हणाल्या. "या गावात नव्या दारानं म्हणजे कधीच नाही. ते दार बुजलेलं आहे. आता असं वाक्य कुणी आपणहून बोलत नाही. ते उत्तर असतं. प्रश्न काय होता, ओनेझीम?"

"मूर्ती बाहेर काढून देशील का, असं विचारत होते," म्हातारा म्हणाला. "मी म्हटलं, काढीन की, नव्या दारानं."

"आणि तुम्ही त्याला होकार समजलात. त्यातल्या त्यात नवं दिसणारं दार शोधलंत, तिथं वाट पाहिलीत, आणि कुणी उघडेना तेव्हा ते फोडलंत. गावातल्या चोराने मोठ्या दाराला खांदा लावला असता. आता एवढंच सांगा, काचा मोज्यांत असताना पेटीत काय आहे?"

देलारू दाराकडे सरकले. तिथं बास्तियाँ उभे होते. हे काम त्यांना छान जमतं.

पेटीत सदऱ्यांमध्ये गुंडाळलेली मारियामाता निघाली. क्लोतिल्दने एप्रनने डोळे पुसले.

मेयरांनी किल्ल्या उचलल्या आणि दोन्ही हातांनी ओनेझीमपुढे धरल्या. "चुकलो, काका. उद्या घंटा तुम्हीच वाजवायच्या."

ओनेझीमने किल्ल्या घेतल्या, खिशात टाकल्या. "उद्या तुम्ही वाजवा. दरवर्षी मी वर दोर ओढत असतो. खाली माता कशी चालते, ते मी आजवर पाहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी घंटा इतक्या वाईट वाजल्या की कुत्री भुंकायला लागली. ओनेझीम मातेच्या अगदी पुढे चालत होता. दर चार पावलांवर मागे वळून तिच्याकडे बघत होता, आणि त्याला पुढे बघायला कुणी सांगत नव्हतं.