शिणाचा गुलकंद

कृष्णाकाठच्या सप्तपर्णी कॉलनीत कुणी ‘दमलो बुवा’ म्हणालं, की शेजारी लगेच विचारायचे, “का हो, गुलाबाला पाणी नाही घातलं वाटतं?” दमणं हा तिथं गबाळेपणा समजला जायचा. शर्टाचं बटण तुटलेलं असावं, तसा.

याला कारणीभूत होता शीणशोषी गुलाब. तो प्रत्येकाच्या परसात, गच्चीवर, नाहीतर खिडकीच्या जाळीत कुंडीतून उभा होता. लोक त्याला नुसतं शीणगुलाब म्हणत. माणूस राबला की त्याच्या घामातून आणि श्वासातून एक अतिसूक्ष्म द्रव्य बाहेर पडतं. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव शीणक ठेवलं. ते अंगात साठलं की पाय जड होतात, पापण्या मिटतात, आणि सख्ख्या भावाचा फोनही घ्यावासा वाटत नाही. गुलाबाच्या पानांना खालून बारीक छिद्रं असतात, झाड त्यांतूनच श्वास घेतं. त्या छिद्रांना शीणकाची चटक लागावी अशी कलमं शास्त्रज्ञांनी तयार केली. रानगुलाबाच्या खुंटावर कलमाचा डोळा भरायचा, झाड तरारलं की शेजारी स्टूल टाकून बसायचं. चहा निवेपर्यंत माणूस ताजातवाना व्हायचा. फूल तेवढं मान टाकायचं.

एका जातीनं मात्र भागत नसे. अंगमेहनतीच्या शिणाला लाल जात, ताटकळण्याच्या शिणाला पिवळी, आजारपण काढण्याच्या शिणाला पांढरी. मनात एक आणि तोंडावर गोड बोलून येणाऱ्या शिणासाठी दुरंगी जात निघाली, तेव्हा कॉलनीच्या चेअरमननी ती गच्चीभर लावली. एका गृहस्थांनी जन्मात कधी काडी हलवली नव्हती. त्यांनी हौसेनं लाल गुलाब लावला. त्याला कधी शीणच मिळाला नाही, त्यामुळे त्याचं एकही फूल कोमेजलं नाही, आणि झाड वाढत वाढत चिंचेएवढं झालं. श्रावणात पोरी त्याला झोके बांधायच्या म्हणतात. काटे? काटे होतेच की. पोरी जपून बसायच्या.

तेजस्विनी शिंगटेच्या परसात सगळ्या जाती होत्या, पण पांढरी जास्त. ती एसटीत वाहतूक नियंत्रक होती. निवृत्त झाली आणि त्याच वर्षी नवऱ्याला, किरणला, अर्धांग झालं. अंघोळ, कपडे, कूस बदलणं, भरवणं, सगळं तिच्यावर. मुलगी दूर परदेशी. पहिल्या वर्षी तेजस्विनी एकदा मोरीत उभ्याउभ्याच झोपली आणि नळ वाहून घरभर पाणी झालं. मग तिनं शीणगुलाब लावले. दोन वर्षं होत आली होती. आता ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. किरण मात्र पडला होता तिथंच होता.

डॉ. यास्मिन मुजावर हे गुलाब तयार करणाऱ्या गटातली. कॉलनीत फिरून ती झाडांची तब्येत बघायची. एके दिवशी ती परसातून आत आली आणि किरणच्या कॉटशी टेकली.

“काका, फिजिओथेरपिस्ट काय म्हणतात?”

“म्हणतात, मी बरा झालोय,” किरण म्हणाला. “हात उचलतोय, पाय उचलतोय, मेंदूचे फोटो स्वच्छ. फक्त उठायचं राहिलंय.”

“मग उठत का नाही?”

“दम नाही गं. दिवसभर कुणाचंतरी अंथरूण धुतल्यासारखं वाटतं.”

“आळशी आहे तो मुळात,” आतून तेजस्विनीचा आवाज आला. “लग्नातसुद्धा बसूनच होता. किरण, गुलकंद घेतलास का रे?”

यास्मिनचं लक्ष उशाच्या बरणीकडे गेलं. “घरचा आहे?”

“मग! विकतच्यात नुसता पाक असतो. पडून राहणाऱ्या माणसाला उष्णता होते, पोट साफ होत नाही. मी रोज चमचाभर देते त्याला.”

“फुलं कुठली, काकू?”

“कुठली म्हणजे? परसातली. रोज एवढी फुलं उतरतात, ती काय टाकून द्यायची? ती न्यायला तुमची फुलगाडी येते, पण तिच्यात टाकायला जीव होत नाही माझा. पाकळीवर खडीसाखर, खडीसाखरेवर पाकळी, आणि बरणी उन्हात. माझ्या आईची पद्धत.”

यास्मिननं बोटाच्या टोकावर गुलकंद घेऊन चाटला. चव उत्तम होती, ती तसं म्हणणारही होती. पण ‘उत्तम’मधल्या दोन अक्षरांनंतर तिला जांभई आली, आणि ती फरशीवरच बसली. तिचा डावा गुडघा ठणकायला लागला.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “तुमचा डावा गुडघा दुखायचा का हो?”

“वीस वर्षं. स्टँडवर उभी राहून राहून. आता गुलाब आल्यापासून नाही.”

“तो काकांना दुखतोय.”

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तेजस्विनी दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे होते.

यास्मिननं सावकाश समजावून सांगितलं. गुलाब शीणक ओढून घेतो, नाहीसं करत नाही. ते पाकळ्यांत जाऊन बसतं. साखरेत ते मुरतं आणि टिकतं. मग जो ती पाकळी खातो, त्याच्या अंगात ते उतरतं. कुणाचं, कसल्या कामाचं, सगळ्या तपशिलासकट.

“म्हणजे दोन वर्षं...” तेजस्विनीनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग ती किरणकडे वळली. “आणि तुला काहीच कळलं नाही?”

“पहिल्या चमच्यालाच कळलं,” किरण म्हणाला. “माझा गुडघा आयुष्यात कधी दुखला नव्हता. तो तुझाच, ओळखला मी.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“तू आत गात होतीस, तेजू. किती दिवसांनी. म्हटलं, अंगानं नाही तर असं तरी निम्मं काम आपण करू.”

“शहाणाच आहेस! मी इथं माणूस बरा व्हावा म्हणून मरतेय...”

“मरतेयस कुठं? मरत तर मी होतो,” किरण म्हणाला, आणि त्याला हसू आलं. ती हसली नाही.

यास्मिननं बरणीचं झाकण घट्ट लावलं. “काकू, उपाय सोपा आहे. काकांना गुलकंद बंद. उतरलेली फुलं नियमाप्रमाणे फुलगाडीत टाकायची. गुलाब ठेवा. तुम्ही ताज्या राहाल, काका उठतील.”

“आणि फुलगाडी ती नेते कुठं?”

“गावाबाहेर. खड्डा आहे मोठा, त्यात पुरतात.”

“मग पुरल्यावर शीण संपतो?”

यास्मिननं पदवी घेताना दिलेल्या परीक्षांत इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “नाही,” ती म्हणाली. “शीण फक्त झोपेत जिरतो. आणि झोप जिवंत अंगाला लागते, मातीला लागत नाही. मातीतून तो पाण्यात उतरतो.”

“ते पाणी कोण पितं?”

“तिथं वस्ती आहे एक.”

“कशी आहेत माणसं तिथली?”

“लोक म्हणतात, आळशी आहेत,” यास्मिन म्हणाली, आणि स्वतःच्याच पायांकडे बघत बसली. तिला उठवेना. चाटलेला गुलकंद अजून अंगात होता, की दुसरंच काही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीनं परसातले गुलाब उपटले. पांढरे आधी, मग लाल, पिवळे. यास्मिननं फोनवर समजावून पाहिलं. तुमच्या चार झाडांनी त्या वस्तीला काय फरक पडणार, काकू? तेजस्विनी म्हणाली, “माझी गाडी सुटायची वेळ झाली, की मी ती सोडायचे, पोरी. बाकीच्या स्टँडांवर काय चाललंय ते बघत बसत नव्हते.” उपटलेली झुडपं भिंतीशी ढीग करून ठेवली. वाळली की पेटवून देऊ, राख झाली की बघू त्यातलं शीणक काय करतं ते, असं ती म्हणाली खरी, पण तिला कुणी खात्री दिलेली नव्हती.

गुलकंद बंद झाला तसा किरण सावरायला लागला. आधी कॉटवर बसला. मग वॉकर धरून उभा राहिला. भिंतीपर्यंत गेला, तेव्हा त्यानं भिंतीलाच ‘राम राम’ घातला. तिकडे तेजस्विनी उतरणीला लागली. दोन वर्षांत न आलेला शीण आता रोजच्या रोज मुक्कामाला येत होता. भाकरी थापता थापता हात थांबायचा. गुणगुणणं तर बंदच झालं. एकदा किरणचा टॉवेल खाली पडला, तेव्हा ती म्हणाली, “मला तुझा कंटाळा आलाय.” आणि लगेच, “थांब, देते.”

“आला तर आला,” किरण म्हणाला. “मलाही आलाय माझा.” आणि टॉवेल त्यानंच वाकून उचलला. त्याला चांगलाच वेळ लागला.

कॉलनीला खबर मिळायला उशीर झाला नाही. यास्मिननं स्वतःच सभामंडपात सगळ्यांना बोलावून सांगितलं: उतरलेल्या पाकळ्या खाऊ नका, कुणाला खायला देऊ नका, खाणारा माणूस दिवसभर निपचित पडून राहतो. लोकांनी मन लावून ऐकलं. इतकं मन लावून त्या कॉलनीत आजवर कुणी काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारची ऋतुजा पिसाळ फाटकाशी आली. गुणी बाई. तिच्या सासूबाईंना काही आठवत नसे. दार उघडं दिसलं की त्या चालू लागायच्या, आणि ऋतुजा कामावरून येऊन त्यांना पुलापासून, बाजारातून शोधून आणायची. तिच्या हातात रिकामी बरणी होती.

“काकू, ती फुलं तुम्ही जाळणारच आहात ना?”

तेजस्विनी पायरीवर बसली होती. तिनं मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मानेलाही ठरवता आलं नाही.

“मी नेते थोडी. माझ्या झाडांची पुरत नाहीत. आईंना चमचाभरच देईन, रात्री. काल त्या नदीत उतरल्या होत्या, काकू. गुडघाभर पाण्यात. मी काय करू, सांगा ना. बांधून ठेवू?”

“ऋतुजा, ठेव ती फुलं,” दारातून किरण म्हणाला. तो वॉकर धरून उभा होता.

“अगं बाई, काका! तुम्ही उभे!” ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा ना, दोन वर्षं खाल्लात तुम्ही. तुम्हाला तरी कुठं काय झालं?”

किरणनं तोंड उघडलं, पण उभं राहणं आणि वाद घालणं ही दोन्ही कामं त्याला एकदम जमेनात. त्यानं तेजस्विनीकडे पाहिलं.

नाही म्हणायचं तर उठावं लागणार होतं. फाटकापर्यंत जावं लागणार होतं, त्या पोरीच्या हातातली बरणी धरावी लागणार होती, नदीची गोष्ट ऐकावी लागणार होती आणि मग तिला विचारावं लागणार होतं, मी येऊन बसू का तुझ्या सासूजवळ. तेजस्विनीनं हे सगळं अंतर एकदा नजरेनं मोजलं.

“खडीसाखर किती घालायची, काकू?” ऋतुजानं विचारलं. ती ढिगाजवळ उकिडवी बसली होती, आणि पांढऱ्या पाकळ्या सोडवायला लागलीही होती.

“वजनाला वजन,” तेजस्विनी म्हणाली, आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.